खुंटीवरचा चष्मा

पैज अगदीच फालतू होती. फालतू पैजेचं एक बरं असतं, लावताना डोकं वापरावं लागत नाही. डोकं वापरायची वेळ नंतर येते, आणि तोवर ते ठिकाणावर राहिलेलं नसतं.

संध्याकाळची वेळ. इमारतीच्या अंगणात नळाला पाणी आलेलं, बादल्या रांगेत आणि माणसं गप्पांत. विषय एकच: कोपऱ्यावरचं बंद पडलेलं दुकान आणि त्यामागची खोली घेऊन नुकताच राहायला आलेला चष्मेवाला. उंच, सडपातळ, नाकावर जाड काचांचा चष्मा आणि तोंडात एकच शब्द. नर्समावशींनी चहाला बोलावलं, तर म्हणाला नको. ड्रायव्हरकाका सामान उचलायला धावले, तर नको. कुणीतरी बादली पुढे केली, तर नको म्हणून बाहेर गेला आणि नवीकोरी बादली विकत घेऊन आला. तिसऱ्या नकोला अंगणाने त्याचं नाव पाडलं... नकोजी.

"महिनाअखेरच्या आत हा खुंटीघरात येतो की नाही बघा," ड्रायव्हरकाका म्हणाले. काकांचा जन्म बस चालवण्यात गेलेला. माणसाचं तोंड बघून तो कुठल्या स्टॉपला उतरणार हे सांगायची त्यांना जुनी खोड.

"तो? मेला तरी यायचा नाही," सुई म्हणाली. "स्वतःच्या तिरडीचे बांबूसुद्धा आधीच आणून ठेवेल तो."

सुई म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची शिंपीण. गळ्यात कायम टेप, ओठांत टाचण्या, आणि टाचण्या नसतील तेव्हा ओठांतून जे बाहेर पडतं ते टाचण्यांहून टोकदार. म्हणून सुई. तिची आईसुद्धा तिला हल्ली सुईच म्हणायची.

"लाव पैज," काका म्हणाले.

"लावली."

हरणाऱ्याने काय करायचं ते नर्समावशींनी ठरवलं. महिनाअखेरच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत, लांब शिडीच्या टोकावर चढायचं आणि कोंबड्यासारखं तीनदा आरवायचं. सगळे खो-खो हसले. सुई सगळ्यात जास्त हसली. तिला आपलं जिंकणं इतकं दिसत होतं, की तिने काकांना घसा साफ ठेवायचा सल्लाही देऊन टाकला.

आता हे खुंटीघर काय, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथल्याच एका नियमाने घातला.

जिन्यालगतची ती लांबट खोली. भिंतभर खुंट्या, आणि खुंट्यांवर अख्ख्या इमारतीच्या सामाईक वस्तू: हातोडा, करवत, ड्रिल मशीन, मोठं पातेलं, कुबड्या, शिडी. कोपऱ्यात शिवणाचं मोठं मशीन. एकेकाने एकेक वस्तू आणून टाकलेली. हवी त्याने न्यायची, वापरायची, आणायची. लिहिणं नाही, भाडं नाही. फक्त एक नियम. वस्तू काढली की त्याच खुंटीवर आपली एक वस्तू टांगून जायची, आणि तीही अशी की जिच्यावाचून आपलं अडेल. तिला म्हणायचे बदली. काका टोपी टांगायचे. मग अंगणात टक्कल चमकलं की समजायचं, काकांनी काहीतरी नेलंय. मावशी घड्याळ टांगायच्या आणि दिवसभर भेटेल त्याला वेळ विचारत सुटायच्या. आपलं अडलं की माणूस आठवणीने परत येतो, हा त्यातला हिशेब. खुंटीवर वस्तू नाही आणि बदलीही नाही, याचा अर्थ एकच: चोरी. तशी रिकामी खुंटी आजवर कुणी पाहिली नव्हती.

आणि पाहिली असती तर खोली गेली असती. खोली होती मालकीणबाईंची. त्यांनी ती वापरायला दिलेली, पण अटीवर... ज्या दिवशी एक जरी वस्तू गेली, त्या दिवशी कुलूप. शेजारचा गोदामवाला त्या खोलीवर टपून बसलेला. दर महिनाअखेरीला बाई यायच्या, काठीच्या टोकाने एकेक खुंटी तपासायच्या, आणि पर्समध्ये पितळी कुलूप घेऊनच यायच्या. किल्ली सुईकडे. ते मोठं मशीन चालवायची तीच. वर घरात आई, पलंग आणि कपाट सोडलं तर शिवणाला जागा नव्हती. खोलीला कुलूप म्हणजे सुईच्या चुलीला कुलूप, हे तिला झोपेतही माहीत होतं.

पैजेच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी, इमारत जेवून लवंडलेली असताना, खुंटीघराच्या मागच्या दारावर टकटक झाली.

मागचं दार गल्लीत उघडायचं. तिथून कुणी येत नसे. सुईने मशीनवरून पाय काढला, कडी काढली, आणि समोर... जाड काचा.

"शिडी मिळेल?" तो म्हणाला. "दुकानातला दिवा बसवायचाय. छत उंच आहे. खुर्चीवर टेबल ठेवून बघितलं. मग टेबलावर खुर्ची ठेवून बघितली."

"आणि?"

"पडलो."

सुईने चटकन मागे वळून पुढच्या दाराकडे पाहिलं. ड्रायव्हरकाकांचा मिश्किल चेहरा, शिडीचं टोक आणि तीन आरोळ्या तिला एकदम दिसल्या. या मागच्या दाराचा पत्ता याला लागला तरी कसा? तो म्हणतच होता, की मला कुणीतरी सांगितलं, दुपारी या बाजूने... पण तिने त्याला बोलूच दिलं नाही. हाताला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

मग नियम सांगितला. ज्यावाचून अडतं ते टांगा. तो खिसे चाचपत राहिला. काय टांगणार? अखेर त्याने हळूच चष्मा काढला, क्षणभर हातात धरला, आणि शिडीच्या खुंटीला अडकवला.

चष्म्याशिवायचे त्याचे डोळे... सुईने असं काही अपेक्षिलं नव्हतं. काचांमागे बारीक दिसायचे. आता मोठे, काळे, जरासे घाबरलेले, आणि थेट तिच्यावर रोखलेले. म्हणजे तिला तसं वाटलं. कारण पुढच्याच क्षणी तो ती समजून मशीनशी बोलायला लागला.

"मी इकडे आहे," सुई म्हणाली.

"हो का? मघाशी तिकडे होतात."

शिडी खांद्यावर घेऊन तो निघाला आणि दाराच्या चौकटीवर जाऊन आदळला. आता याला असा सोडला तर अख्खी इमारत जागी होणार. सुईने शिडीचं मागचं टोक धरलं आणि गल्लीतून, भिंतीच्या कडेकडेने, दोघं दुकानात शिरली. तो वर चढला आणि हवेत चाचपडू लागला. ती खाली शिडी धरून, मान वर करून, दबक्या आवाजात सांगत होती.

"डावीकडे. अहो, डावीकडे. माझं डावं नाही, तुमचं."

"तुमचं डावं कुठलं ते मला कसं कळणार? तुम्ही मला नुसत्या निळ्या दिसताय."

"निळा ड्रेस आहे."

"चेहरा कसा आहे?"

"तुम्हाला दिवा लावायचाय की माझा फोटो काढायचाय?"

दिवा लागला. वर तो हसत होता, चुकीच्या दिशेला बघून. सुईला बरं वाटलं, की आपण लाल झालो ते याला दिसत नाहीये. मग ती भानावर आली आणि म्हणाली, हे कुणाला सांगायचं नाही.

"का?"

इथे खरं सांगायचं होतं. एक वाक्य होतं साधं: आम्ही तुमच्यावर पैज लावलीये. पण ते मोठे डोळे बघून तिची जीभ अडली, आणि जी जीभ कधी अडत नाही ती अडली की नेमकं खोटं बाहेर पडतं.

"आमच्यात... नव्या माणसाला पहिला महिना द्यायचं नसतं. नियम आहे."

"म्हणजे माझ्यासाठी तुम्ही नियम मोडलात?" तो इतक्या हळू म्हणाला, की सुईला वाटलं शिडी पायाखालची आहे आणि वर आपणच आहोत.

त्यानंतर दुपारची टकटक रोजचीच झाली. आज करवत, उद्या हातोडा. चष्म्यांचं दुकान महिनाअखेरच्या दिवशी उघडायचं होतं, फळ्या बसायच्या होत्या, काचा कापायचं मशीन अजून खोक्यातच होतं. कामापुरता त्याला खोक्यात एक जुना चष्मा सापडला, दोन्ही काचांना तडा गेलेला. त्यातून म्हणे एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. दर वेळी तो चांगला चष्मा खुंटीला लावायचा आणि तडकलेला नाकावर चढवायचा. तो गेला, की सुई खुंटीवरचा चष्मा काढून एप्रनच्या खिशात टाकायची. कारण तो अख्ख्या इमारतीने ओळखला असता. आणि खुंटी दिसू नये म्हणून वर एखादा शिवायला आलेला झगा लटकवायची.

नियम मोडत होती ती हा. दुपारपुरता, तासाभरापुरता. पण रिकामी खुंटी ती रिकामी खुंटी. झगा जागचा हलला नाही ना, हे ती दर टाक्याला मान वळवून बघायची.

एकदा तर थोडक्यात वाचली. खिशात टाकायला चष्मा हातात घेतला आणि पुढच्या दाराने ड्रायव्हरकाका आत. खिशापर्यंत हात न्यायला वेळ नव्हता. सुईने चष्मा सरळ स्वतःच्या नाकावर चढवला आणि मशीनवर वाकली.

"चष्मा लागला वाटतं?" काका म्हणाले.

"हो. बारीक काम... डोळे दुखतात."

"शोभतो हो." काका पातेलं काढून टोपी टांगत म्हणाले. "जरा मोठा होतोय फक्त. दुसऱ्या कुणाच्या मापाचा असल्यासारखा." आणि शीळ घालत गेले.

त्या काचांतून खोली पाण्याखाली गेल्यासारखी डुलत होती. डोकं गरगरलं. आणि तिच्या मनात आलं, की ज्याला इतकं कमी दिसतं तो रोज या एका काचेच्या आधाराने उठतो, आणि रोज दुपारी ती माझ्या हवाली करून जातो.

तो बोलायलाही लागला होता. नको-नको का म्हणतो, तेही एका दुपारी सांगून टाकलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, गल्लीत कुणी नव्हतं, आणि तो उंबऱ्यावर बसून करवतीच्या दातांवरचा भुसा झटकत होता. लहानपणी त्याच्या वडिलांनी शेजाऱ्यांची सायकल मागून आणली होती. ती दारातून चोरीला गेली. भरपाई झाली, वर्षं गेली, पण गल्लीत कुणाचंही काही हरवलं की बोट त्यांच्याच घराकडे.

"वडील म्हणायचे, उसनी वस्तू उशाला घेऊन झोप लागत नाही. तेव्हापासून मी कुणाकडे काही मागितलं नाही," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघत, "तुमच्याकडे मागताना मात्र... झोप लागते."

"मग बरंय की."

"नाही हो. लागते ती स्वप्नासकट लागते."

सुईने टाचण्या ओठांत धरल्या. बोलायला नको म्हणून. हसू मात्र टाचण्यांच्या बाजूने निसटलं.

जाता जाता त्याने मशीनवर ठेवलेला तिच्या आईचा चष्मा मागून नेला. काडी मोडलेली, तिथे सुईनेच दोरा गुंडाळलेला. दुसऱ्या दिवशी तो नव्या काडीसकट आणून दिला आणि म्हणाला, की इमारतीतल्या सगळ्यांचे डोळे तपासायचेत, मोडके चष्मे नीट करायचेत. तुमच्याकडे जसं सगळे काही ना काही देतात, तसं माझ्याकडून हे. सांगू का सगळ्यांना?

"थांबा ना महिनाअखेरपर्यंत," सुई घाईने म्हणाली.

"थांबतो. महिना झाला की पुढच्या दाराने येईन. सगळ्यांसमोर." मग आवाज खाली गेला. "आणि एक गोष्टही विचारेन. तीही सगळ्यांसमोर."

सुईला रात्री दोन्ही कुशींवर झोप आली नाही. खरं सांगितलं तर हा माणूस जाणार. ज्या एका माणसाकडे त्याने आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, तिने त्याच्यावर हसायची पैज लावली होती. नाही सांगितलं तर... महिनाअखेर काही टळणार नव्हती.

आईने नव्या काडीचा चष्मा लावून लेकीकडे नीट बघितलं. किती दिवसांनी तोंड स्पष्ट दिसतंय गं तुझं, म्हणाली. "काहीतरी लपवतेस. लपव बापडी. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

सगळं सोडून आईला कोंबडंच आठवावं, याचं सुईला रडूही आलं आणि हसूही.

बैठकीच्या सकाळी तो धावतपळत आला. दुकानाची पाटी लावायची राहिली होती. फक्त ड्रिल मशीन, आत्ता नेतो, बाई यायच्या आत आणतो. चष्मा खुंटीला लावून गेला. सुईने सवयीने तो एप्रनच्या खिशात टाकला. आणि त्या दिवशी नेमकं काय झालं, की खुंट्या तपासायच्या म्हणून तिने लटकवलेले सगळे झगे आधीच उतरवून ठेवले होते.

मालकीणबाई लवकर आल्या.

त्यांच्यामागून अख्खी इमारत आत आली. बाईंचा चष्मा कायमचा नाकावरून घसरलेला, एक काडी वाकडी. मान मागे टाकून काचेखालून बघायच्या. काठीचं टोक खुंटी-खुंटीवर टेकवत निघाल्या. हातोडा, आहे. करवत, आहे. पातेलं नाही, काकांची टोपी आहे. कुबड्या नाहीत, मावशींचं घड्याळ आहे. टक, टक, टक... आणि काठी थांबली.

"ही रिकामी आहे," बाई म्हणाल्या.

मावशी पुढे झाल्या, खुंटीखाली बघितलं, मशीनखाली बघितलं. बदली पडली असेल. नव्हती पडली. बाईंनी पर्स उघडली आणि पितळी कुलूप बाहेर काढलं. त्यांना आनंद वगैरे झाला नव्हता, उलट तोंड उतरलं होतं. पण अट ती अट, आणि सगळ्यांनी ती कबूल केलेली.

सुईचा हात खिशात होता. बोटं चष्म्यावर. काढायचा आणि टांगायचा, एवढंच. जीभ, नेमकी तीच, टाळूला चिकटली. बोलू, आत्ता बोलू...

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. नाकावर तडकलेला चष्मा, केसांत सिमेंटची धूळ, हातात ड्रिल मशीन. पहिल्यांदाच पुढच्या दाराने.

"हा बघा," कुणीतरी मागून म्हणालं. "सापडला."

तो थबकला. बाईंनी विचारलं, हे कुणाला विचारून नेलंत? त्याने गर्दीकडे पाहिलं, बाईंच्या हातातलं कुलूप पाहिलं, आणि मग सुईकडे. त्या नजरेत काय चाललंय ते तिला लख्ख कळलं. नव्या माणसाला महिनाभर द्यायचं नसतं. या मुलीने नियम मोडून दिलं. आता हिची किल्ली जाणार. चोर, या ज्या एका शब्दाला तो लहानपणापासून घाबरत आला होता, त्याच्यासमोर तो स्वतः होऊन जाऊन उभा राहिला.

"कुणालाच नाही," तो म्हणाला. "दार उघडं होतं. मी उचललं."

"खोटं बोलतोय तो." सुईचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. तिने खिशातून चष्मा काढला आणि सगळ्यांसमोर धरला. "ही त्याची बदली. त्याने टांगली होती. दर वेळी टांगली. मी काढून लपवली."

मग थांबणं शक्यच नव्हतं. पैज, पहिल्या दुपारची शिडी, झगे, काकांसमोर नाकावर चढवलेला चष्मा, सगळं एका दमात बाहेर आलं. हरायचं नव्हतं म्हणून सुरू केलं, म्हणाली. नंतर... नंतर हरायची भीती राहिलीच नव्हती, दुसरीच होती.

तो ऐकत होता. शेवटी इतकंच विचारलं त्याने.

"म्हणजे नव्या माणसाला द्यायचं नसतं, असा नियम नव्हताच?"

"नव्हता."

"मी आलो, यावर पैज होती."

"तुम्ही येणार नाही, यावर माझी."

त्याने मान हलवली. ड्रिल मशीन त्याच्या खुंटीवर नीट टांगलं, वायर गुंडाळून, आणि चष्मा न घेताच दाराबाहेर पडला. सुईचा हात तसाच पुढे राहिला.

बाईंनी घसा खाकरला. वस्तू परत आली खरी, पण किल्ली राखणारीनेच बदली लपवली तर कुलूप लावू नये कशावरून, असं त्यांनी सरळ विचारलं. उत्तर सुचलं ते ड्रायव्हरकाकांना.

"ते ठरवू की बाई. पण आधी पैज. हरलेलं माणूस ताजं असतानाच फेडून घ्यावं."

मावशींनी काकांना कोपर मारलं. पण सुईच म्हणाली, बरोबर आहे. शिडी अंगणात आली, भिंतीला टेकली. सुईने एप्रनच्या खिशात चष्मा परत टाकला आणि चढू लागली. टोकाशी पोचली. खाली अख्खी इमारत, दारात खुर्चीवर आई, आणि फाटकापाशी पाठमोरा तो, तडकलेल्या चष्म्यातून दोन-दोन कड्या दिसणारं फाटक उघडायला चाचपडणारा.

तिने डोळे मिटले आणि आरवली. आवाज चिरकला. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फाटकाशी चाचपडणं थांबलं.

"ऐकायला येतंय ना?" सुई वरूनच म्हणाली. "मग हेही ऐका. शिडी न्यायला आलात त्या दुपारीच मी पैज हरले होते. त्यानंतर रोज वाट बघायचे मी. टकटक झाली नाही तर कापड उलटं शिवायचे. आता जा, हवं तर. पण तुम्हाला हसण्यासाठी नव्हतं ते. पहिल्या दिवसानंतर... एक दिवस पण नव्हतं."

आणि दुसऱ्यांदा आरवली. या वेळी शिडी हलली. खाली धरायला उभे असलेले ड्रायव्हरकाका अचानक हात सोडून टक्कल खाजवायला लागले होते. शिडी डावीकडे सरकली, मावशींनी तोंडावर हात घेतला... आणि कुणीतरी धावत येऊन दोन्ही दांडे घट्ट धरले.

"उजवीकडे रेलायचं," खालून आवाज आला. "माझं उजवं नाही. तुझं."

तुझं. सुईने शिडीला अशी मिठी मारली की जणू शिडीनेच ते म्हटलं होतं.

"काका," तो शिडी न सोडता म्हणाला, "दुपारी मागच्या दाराने जा, पुढच्या दाराने ती शिडी देणार नाही, हे मला तुम्हीच सांगितलं होतंत ना? नळावर? पैजेच्या दुसऱ्या दिवशी?"

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांनी आकाशात काहीतरी महत्त्वाचं बघायला सुरुवात केली.

"म्हणजे गाडी तुम्हीच ढकललीत. लबाडीची पैज, आता तिच्यानंतर तुम्हीही आरवायचं," मावशी म्हणाल्या.

"बस ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल," काका म्हणाले, "तर ड्रायव्हरने करायचं काय?"

पहिलं हसू फुटलं ते मालकीणबाईंचं. हसता हसता मान मागे गेली आणि चष्मा नाकावरून घसरला. वर नेमकं काय चाललंय ते मला दिसतच नाहीये, त्या कुरकुरल्या. चष्मेवाल्याने शिडी मावशींच्या हाती दिली, बाईंचा चष्मा घेतला, वाकडी काडी दोन बोटांत धरून जराशी दाबली, दुसरी जराशी उघडली, आणि परत त्यांच्या नाकावर ठेवला. बाईंनी मान सरळ करून बघितलं. कदाचित कित्येक दिवसांनी मान सरळ करून बघितलं.

"शिडी कुणी काढली?" त्या म्हणाल्या.

काकांनी मावशींकडे बोट दाखवलं, मावशींनी काकांकडे.

"शिडीच्या खुंटीवर बदली आहे का? नाही. इतकी माणसं आणि एकाच्या लक्षात नाही." काठी टेकत त्या खुंटीघरात गेल्या आणि हातातलं पितळी कुलूप शिडीच्या खुंटीला अडकवून बाहेर आल्या. "शिडी परत येईपर्यंत राहू दे तिथे. खोलीची किल्लीही राहू दे हिच्याकडेच. आणि पोरी, एक उरलंय."

सुई तिसऱ्यांदा आरवायला तोंड उघडणार, तोच खालून त्याने हात वर केला.

"थांब. या चष्म्यातून मला दोन-दोन दिसतायत." त्याने तडकलेला चष्मा काढून खिशात घातला आणि चेहरा वर केला, मोठे काळे डोळे, चुकीच्या दिशेला. "मला एकच बघायचीये."

ती दोन पायऱ्या खाली आली. वाकली. खिशातला चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला आणि आपल्या हाताने त्याच्या नाकावर चढवला. एक काडी या कानामागे, दुसरी त्या. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली. आईने खुर्चीत सावरून बसत स्वतःच्या चष्म्याची काडी नीट केली, म्हणजे काही सुटायला नको.

"काय विचारणार होतास?" सुईने हळूच विचारलं. "सगळ्यांसमोर?"

"आधी पैज फेड," तो म्हणाला. "मग विचारतो. तुझं उत्तर काय, ते आधीच जरासं दिसलंय."

सुई परत टोकावर चढली. केस कपाळावर आलेले, गळ्यात टेप, दोन्ही हात पंखांसारखे पसरलेले. आणि डोळे उघडे ठेवून, सरळ त्याच्याकडे बघत, अख्ख्या गल्लीने खिडक्या उघडाव्यात अशी ती आरवली. शिडीच्या खाली, टोपी नसलेलं टक्कल चमकवत, ड्रायव्हरकाका आपली पाळी यायची वाट बघत उभे होते.